एक चूल, एक फाईल

साटोणे सरांची फाईल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा सकाळचं ऊन खिडकीत होतं. शेवटच्या ओळीला पोचलो तेव्हा ते शेजारच्यांच्या गच्चीवर गेलं होतं, माझी दाढी वाढली होती आणि माऊसचं चाक झिजून गुळगुळीत झालं होतं. ती फाईल छापून काढली असती, तर कागद पिपरी मेघेहून निघून हिंगणघाटला वळसा घालून परत आला असता, आणि वर सरांच्या अंगणात वाळवणाखाली अंथरायला उरला असता. यात थोडी अतिशयोक्ती आहे असं आमच्या शिकवणीतली रेणुका म्हणते. पण रेणुका पुण्यात राहते. तिला इथली अंतरं काय ठाऊक?

सर गणिताची शिकवणी घेत. मूळचे वडनेरचे, पण आम्ही पाहिले ते पिपरीचेच. उंची इतकी की खोलीतला पंखा त्यांना पाहून आपला वेग कमी करी. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात लाल पेन. आयुष्यात त्यांनी कोणालाही 'बरोबर' म्हटलं नाही. गणित चुकलं की म्हणायचे, "पुन्हा कर." बरोबर असलं की काहीच म्हणायचे नाहीत, नुसतं लाल पेनाला टोपण लावायचे. टक्. त्या टक्साठी पोरं रात्ररात्र जागत. माझ्या वाट्याला तो आवाज फार क्वचित आला. एकदा आला असं वाटलं, तर बाहेर शेवगा मोडून पडला होता.

असा माणूस संगणकावरच्या खेळात शिरला, तो हेरगिरी करायला.

ठोकळ्यांचा एक खेळ असतो. त्यात माणूस जमीन खोदतो, घरं बांधतो, गाईगुरं पाळतो, आणि अंधार पडला की लांडग्यांपासून जीव वाचवतो. असं एखादं जग अनेकांना मिळून खेळायचं, तर ते ज्या मशीनवर सतत चालू राहतं त्याला सर्व्हर म्हणतात. आम्ही शिकवणीतल्या पोरांनी असा एक सर्व्हर चालवला होता आणि गृहपाठाचं वाटोळं केलं होतं. एका संध्याकाळी त्यात 'क्ष' नावाचा नवा खेळाडू आला. जागचा हलला नाही, काही खोदलं नाही. फक्त लिहिलं, "प्रकरण चारचा गृहपाठ कोणाकोणाचा झाला?"

आमच्यातला गजू वडनेरचाच, आणि जीभ मेंदूच्या दोन पावलं पुढे. त्यानं लिहिलं, "तुह्या बापाचा झाला."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, फळा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "गजानन, माहा बाप चौथी शिकला होता. त्याच्यानं काही प्रकरण चार होत नाई. तवा ते आता तूच कर. दोनदा कर. एकदा तुह्या नावानं, एकदा माह्या बापाच्या नावानं."

गजूनं केलं. पण 'क्ष' काही गेला नाही. तळ्यावर मासे टिपायला आलेला बगळा तिथला पाटील होऊन बसावा, तसं झालं. सरांनी खेळात एक वावर काढलं. त्या खेळात कापूस पिकत नाही. खेळ बनवणारा माणूस वर्ध्याकडे कधी आलाच नसावा, असं सरांचं ठाम मत होतं. म्हणून ते गहू पेरायचे आणि त्याला पऱ्हाटी म्हणायचे. आमचा सर्व्हर दिवसाआड बंद पडे, तेव्हा कंटाळून एक दिवस त्यांनी मशीनच आपल्या शिकवणीच्या खोलीत आणून ठेवलं. खोलीत कूलर एकच होता. त्याचं तोंड मशीनकडे वळलं. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन असं की सावलीसुद्धा सावली शोधते, आणि आम्ही घामानं वह्या भिजवत त्रिकोणमिती करतो आहोत. गजूनं तक्रार केली तर सर म्हणाले, "ते मशीन दिवसभर हिशेब करून राह्यलं. तू काय करून राह्यला?"

पुढे आम्ही शिकवणीतून सुटलो आणि पांगलो. रेणुका पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली. गजू हिंगणघाटला जिनिंगमध्ये चिकटला. मी पिपरीतच मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. बाकीचे कोण कुठे, कोण कुठे. पण दिवेलागणीनंतर सगळे त्या ठोकळ्यांच्या जगात उतरायचेच. कानाला हेडफोन, तोंडात जेवणाचा घास. रेणुकाच्या मामाचं गाव केळझर, तिनं तिथली टेकडी आणि गणपतीचं देऊळ एकेक ठोकळा रचून उभं केलं. गजूनं वडनेर वसवलं. मी शिकवणीची खोली बांधली, कूलरसकट. कोणाची नोकरी गेली, कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या घरी काय झालं, ते आम्हाला सरांच्या वावरात कळे. आम्ही अजून एकमेकांचे आहोत ते केवळ या वावरामुळे, हे मी कोणाच्याही पुढ्यात सांगीन.

आता त्या फाईलचं. सर्व्हरला सगळे नियम लिहून द्यावे लागतात: कोणाला कुठे खोदता येईल, लांडगे किती निघतील, दिवस किती लांब, नवा माणूस कुठे उतरेल. हे नियम वेगवेगळ्या छोट्या फायलींत विषयवार ठेवता येतात, किंवा एकाच फाईलमध्ये कोंबता येतात. सरांनी कोंबले होते. वर्षानुवर्षं, एकाखाली एक. "एक चूल, एक हांडी, एक फाईल," हे त्यांचं ब्रीद. "धा ठिकाणी धुंडत फिराचं काम नाई. जे हाय ते इथंच हाय."

आणि त्यांना सापडायचं, हे खरं. शोधायचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. पडद्यावर बोट ठेवायचे, फाईल सरसर वर जायची, आणि बोट थांबायचं ते नेमकं हव्या त्या ओळीवर. मी तर पाहिलंय की कधी कधी ओळच धावत येऊन बोटाखाली उभी राहायची.

अडचण एवढीच होती की ते बोट एकच होतं.

सरांची मुलगी हैदराबादला. तिला जुळं झालं आणि तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, आता शिकवणी बंद करा अन् इकडे या." काकू आधीच जाऊन बसल्या होत्या. सरही हो म्हणाले. मशीन माझ्या दुकानात ठेवायचं ठरलं. प्रश्न होता फाईलचा. सर गेल्यावर ती कोण वाचणार? वाचता आली नाही, तर केळझरची टेकडी, वडनेर, वावर, सगळंच आज ना उद्या बंद पडणार होतं, आणि आम्ही परत नुसते मोबाईलमधले नंबर होऊन बसणार होतो.

सरांनी गजूला तयार करायचं ठरवलं. गावचा पोट्टा म्हणून. गजूला काम दिलं साधं: वडनेरात गाई थोड्या वाढव. त्या फाईलमध्ये ओळीच्या आधी किती जागा सोडली यावर ती ओळ कोणाच्या पोटात जाते ते ठरतं. गजूनं आकडा बरोबर टाकला, फक्त जागा एक बोट जास्त सोडली. गाईंचा आकडा लांडग्यांच्या पोटात गेला.

त्या संध्याकाळी वडनेरात जे लांडगे निघाले, त्यांचं वर्णन मी कोणाला सांगत नाही, कारण विश्वास बसत नाही. छपरांवर लांडगे, विहिरीत लांडगे, देवळाच्या पायऱ्यांवर एकाच्या पाठीवर एक असे लांडगे. नागपूरहून खेळणाऱ्या एकाचं म्हणणं की एक लांडगा त्याच्या पडद्यातून बाहेर डोकावून घड्याळ पाहून गेला. आम्ही सगळे मेलो. पुन्हा उतरलो, पुन्हा मेलो. हेडफोनात नुसता गजूचा आवाज, "सर, म्या तं गाई टाकल्या होत्या हो! आईशप्पथ गाई टाकल्या!"

"गाईच हायत बावा," सर म्हणाले, "फक्त दात आलेल्या."

लांडगे आवरल्यावर रेणुका बोलली. ती वर्षभर हेच बोलत होती, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला होता. "सर, फाईल तोडा. जमिनीची वेगळी, जनावरांची वेगळी, माणसांची वेगळी. एकानं चूक केली तं एकच फाईल बिघडन. बाकी जग चालू राहीन."

"नाई."

"काऊन नाई?"

"वाटणी झाली की घर तुटते, रेणुका."

"सर, ही फाईल हाय. घर नोहे."

मी त्या दिवशी त्यांच्या खोलीतच बसलो होतो, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. मग ते बोलले ते खेळातलं नव्हतं. वडिलांच्या मागे ते तिघे भाऊ. वाटणी करायला बसले. वावर वाटलं, बैल वाटले, सगळं हसतखेळत झालं, आणि शेवटी धुऱ्यावर आलं. धुरा म्हणजे दोन वावरांमधली ती हातभर रुंद पट्टी, जिच्यावर धड काही पिकत नाही. एकानं नांगर चालवताना ती थोडी कोरली, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं कोरली. "धुरा राह्यला वीतभर," सर म्हणाले, "अन् बोलणं तेवढंही नाई राह्यलं. माहा मोठा भाऊ बसस्टँडवर भेटते तं बसची पाटी वाचते."

मग रेणुका हळूच म्हणाली, "सर, एक इचारू? तुमच्या बाबांनी वाटणी जित्तेपणी करून देल्ली असती तं? समोर बसवून, धुरे दाखवून?"

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, टोपण काढलं, आणि तसंच हातात धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. "येजो. अन् त्या दोघाईले लाईनवर घेजो." मी दुकान उघडं टाकून पळालो. खोलीत सतरंजी अंथरलेली, तांब्या-पेला मांडलेला, सर आंघोळ करून बसलेले. रात्रीतून त्यांनी फाईल तोडली होती. एखाद्या जाणत्या माणसानं वाटणीला बसावं तसे ते मांडी घालून बसले आणि एकेकाचं नाव घेऊ लागले.

"गजानन. जमीन तुही. कोणी कुठं खोदाचं, कोणी कुठं बांधाचं, हे तुह्या फाईलमंधी. कबूल?"

"कबूल सर. पण लांडगे..."

"लांडगे तुले नाई. देवाची कृपा. रेणुका, माणसं तुही. कोण आत येईन, कोणाले काय कराची मुभा, कोणाचं घर कुठं. कबूल?"

"कबूल."

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुले जनावरं." का, ते विचारायची सोय नव्हती. वर्गात माझी जागा कुठली होती ते त्यांच्या लक्षात होतं.

चौथी एक छोटी फाईल होती. मशीनची स्वतःची कामं, साठवण, दार, रोजची नक्कल. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'विहीर'. "हे सामाईक. इथं एकट्यानं कोणी हात घालाचा नाई. दोरावर दोघांचे हात पाह्यजे." प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी त्यांनी आडव्या रेघांची एक ओळ मारली होती. "हा धुरा. इकडचं तिकडं लिहाचं नाई."

"अन् सर, तुमचा हिस्सा?" मी विचारलं.

आमच्याकडे वाटणी झाली की म्हाताऱ्या आईबापांचा म्हणून एक तुकडा बाजूला काढतात. रीतच आहे.

"माहा हिस्सा नाई," सर म्हणाले. "मी आता साधा गडी. जिथं नवा माणूस उतरते तिथं मी उतरीन." आणि सतरंजी गोळा करू लागले.

आता पाहा, इथे आम्ही जे केलं ते दुसरीकडच्या कोणा शहाण्या माणसांनी केलं नसतं. बापानं हिस्सा नको म्हटलं आणि पोरांनी मान डोलावून ऐकलं, असं वर्धा जिल्ह्यात कुठे झालंय? आम्ही तिघांनीही, एकमेकांना न सांगता, आपापल्या फाईलमध्ये गुपचूप सरांसाठी एक जागा काढली. गजूनं जमिनीच्या फाईलमध्ये लिहिलं: सरांचं घर, वडनेर. रेणुकानं लिहिलं: सरांचं घर, केळझर. मी जनावरांच्या फाईलमध्ये, जिथे त्याचा काडीचा संबंध नव्हता तिथे, लिहिलं: सरांचं घर, पिपरी.

सर निघायच्या आधी आम्ही खेळातल्या केळझरला जत्रा ठेवली. जुनी-नवी सगळी पोरं आली. टेकडीवर मशाली, पायऱ्यांवर दाटी. माणसं इतकी की मागच्यांना देऊळ दिसावं म्हणून पुढचे जमिनीत अर्धे गाडून उभे राहिले. सर आपल्या खोलीत, मी त्यांच्या बाजूला मशीनपाशी. ते आत शिरले, आणि सर्व्हरनं त्यांना देवळात न उतरवता थेट पिपरीत, मी बांधलेल्या शिकवणीच्या खोलीत उतरवलं. माझी फाईल शेवटी वाचली गेली होती, आणि जी ओळ शेवटी वाचली जाते तिचंच चालतं.

"हे काय?" सर म्हणाले.

रेणुकाला वाटलं तिच्याकडून काही राहिलं. तिनं पुण्याहून सर्व्हरला तिची फाईल पुन्हा वाचायला लावली. एखाद्याचं घर बदललं की त्याला तात्काळ नव्या घरी नेऊन उभं करायचं, ही सोय सरांनीच कधीकाळी मोठ्या कौतुकानं करून ठेवली होती. सर केळझरच्या पायरीवर. टाळ्या. त्यांनी घसा साफ केला. "पोट्टेहो, मी काय म्हणतो..." तेवढ्यात गजूनं त्याची फाईल वाचायला लावली. सर वडनेरच्या वावरात, समोर ऐकायला एक बैल. मी घाबरून माझी लावली. सर पिपरीत. रेणुकानं तिची. केळझर. गजूनं त्याची. वडनेर. वर्ध्याच्या एसटीनं अख्ख्या वर्षात केल्या नसतील तेवढ्या फेऱ्या सरांनी त्या भाषणात केल्या. त्यांचं एक वाक्य केळझरला सुरू होऊन वडनेरला वळून पिपरीत संपत होतं.

"थांबा बे!" सर खऱ्या खोलीत उभे राहून ओरडले. पंखा थांबला. "मेलो नाई अजून मी, तं तीन घरी फिरवून राह्यले मले! धुरा कोणं कोरला?"

"मी नाई," गजू म्हणाला.

"मी पण नाई," रेणुका.

मी मशीनमागे लपायच्या बेतात होतो, पण सरांनी वाकून तिन्ही फायली उघडल्याच. तीन ठिकाणी तीच ओळ. शेवटचं गावाचं नाव तेवढं निराळं. त्यांनी ती पाहिली. बोट पहिल्या ओळीवरून दुसरीवर नेलं, दुसरीवरून तिसरीवर. नंतर चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, फार वेळ. तो चष्मा एवढा कधीच मळला नव्हता.

"गधे हो," शेवटी ते म्हणाले, पण आवाज शिकवणीतला नव्हता. "माह्या भावाईनं धुरा कोरला तो ओढून न्याले. तुम्ही कोरला तो देयाले." मग भानावर येऊन, "पण चूक ते चूक. एक गोष्ट एकाच जागी लिहाची. त्या एका फाईलचं पुण्य काय होतं तं हेच. वाटणी केली म्हणून हे सोडलं, तं लांडगे परवडले."

"मंग लिहाचं कुठं?" गजू म्हणाला. "माह्याकडंच ठेवा सर, वडनेर तुमचं गाव हाय."

"अरे व्वा, अन् घरं माह्या वाट्याले आली ना?" रेणुका. "मंग माह्याच फाईलमंधी."

"भांडू नका. म्या म्हटलं ना, माहा हिस्सा नाई."

"सर," रेणुका म्हणाली, "विहीर तं कोणाचीच नाई ना? विहिरीवर बसाले हिस्सा कायले लागते?"

गणितात अडकल्यावर आम्ही पाहायचो तसे सर वर पंख्याकडे पाहू लागले. ती संमती समजून मी आणि गजूनं दोघांनी मिळून, दोरावर दोन हात ठेवून, सामाईक फाईलमध्ये एकच ओळ लिहिली आणि बाकीच्या तीन खोडल्या. मग जत्रेला आलेल्या सगळ्यांनी मिळून केळझर, वडनेर आणि पिपरीच्या वाटा जिथे मिळतात तिथे विहीर खणली. सर तिथे उतरले आणि भाषण तिथेच पुरं झालं. ते एवढंच होतं: "जेवले का सारे?"

सर हैदराबादला गेले. मशीन माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आलं, आणि मीही कूलर त्याच्याकडे वळवला. गिऱ्हाईक घामानं भिजतं, मी त्याला सांगतो, ते मशीन काम करून राह्यलं. सर रोज संध्याकाळी विहिरीवर उतरायचे, अजून उतरतात, आणि वावरात जातात. हेडफोनात मागून जुळ्यांचं रडणं येतं. पहिल्या दिवसांत काही खुट्ट झालं की आम्ही त्यांना फोन करायचो. ते हैदराबादेतून बोट दाखवायचे, आणि ओळ तिथूनही धावत यायची.

मग एका संध्याकाळी पाऊस नाही, वारा नाही, आणि पिपरीची लाईट गेली. आली, परत गेली, परत आली. सर तेव्हा वावरात पेरणी करत होते. मशीन उठलं, पण एक फाईल अर्धवट लिहिली गेली होती. कोणती, ते शोधायला चहाला उकळी येण्याएवढा वेळ लागला. रेणुकाची होती. जमीन जिथल्या तिथे, जनावरं जिथल्या तिथे, फक्त माणसांना आत येता येईना. रेणुकानं पुण्यातून कालची नक्कल मागितली, गजूनं हिंगणघाटहून आणि मी इथून दोर धरला, फाईल जागेवर बसली. कोणी आवाज चढवला नाही. कोणी लांडगा निघाला नाही.

सर विहिरीवर उतरले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"बंद पडलं होतं ना?"

"हो सर."

"कोणं लावलं?"

"आम्ही," गजू म्हणाला.

"मले फोन काऊन नाई केला?"

रेणुका बोलली. "गरज नाई पडली सर."

पडद्यावर सर विहिरीच्या काठावर उभे होते. मग ते वळले आणि वावराच्या वाटेनं चालू लागले. जिथे पेरणी तुटली होती त्या ओळीशी गेले, आणि पुढचा दाणा टाकला.

तेवढ्यात माझ्या कानात, हैदराबादहून, स्पष्ट आवाज आला.

टक्.

"ऐकलं का बे?" गजू कुजबुजला.

मी बाहेर जाऊन पाहून आलो. दुकानापुढचा शेवगा उभा होता.